चौकटीबाहेरची चप्पल

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि एक निळा पडदा. दिवसभर तो लोकांना मान सरळ ठेवायला आणि हसू आवरायला सांगायचा. त्याचा त्याला मनापासून कंटाळा. म्हणून दुपारी मला गल्ल्यावर बसवून तो कॅमेरा घेऊन रस्त्यावर जायचा, कुणाला पत्ता लागू न देता फोटो काढायला. मामी म्हणायची, "घरातल्या माणसांचे काढले तर फिल्म जळते का?"

परत आला की काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे घेऊन बसायचा. ते फोटोवर पुढेमागे सरकवायचे, नको तो भाग झाकायचा आणि उरलेली चौकट तेवढी मोठी करायची. मग निगेटिव्हवरच्या धुळीचे पांढरे ठिपके उमटलेले असायचे, ते बारीक ब्रशने शाईने भरायचे. "फोटो रस्त्यावर सापडतो, होतो मात्र टेबलावर," असं तो मला ऐकवायचा. मलाही ते पटायचं. न पटून सांगते कुणाला?

त्याचा गाजलेला फोटो दर्शनी काचेत होता. बसथांब्याचं बाकडं. पुरुष मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून बसलाय. बाई तोंड फिरवून दूर बघतेय. खाली मामाच्या वळणदार अक्षरात नाव, 'अबोला'. स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं. आवळलेल्या ओठांत गिळलेला राग दिसतो, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. मामाने ते इतक्यांदा वाचून दाखवलं की मामीचंही पाठ झालं.

एके दिवशी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन एक बाई आल्या.

"काचेतली ती मी," त्या मामाला म्हणाल्या. "शेजारी हिचे बाबा. ही दीड वर्षाची असताना गेले. आम्ही नुकत्याच या भागात राहायला आलोय. शाळेतून येताना हिने फोटो पाहिला आणि तेव्हापासून विचारतेय, तुमचं पटत नव्हतं का. मी नाही म्हणते, तर हिला वाटतं मी लपवतेय."

मामा गडबडला. "मग, भांडण नव्हतं?"

"माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. ते दुरुस्त करत होते. मी बस येतेय का बघत होते."

मामाने फोटो तिथल्या तिथे काचेतून काढला. "उद्या या ताई," एवढंच म्हणाला आणि निगेटिव्हचे डबे उपसायला लागला. त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ण फोटो टेबलावर ठेवला. घाईत काढलेला, ब्रशसुद्धा न लावलेला. डावीकडे कचऱ्याचा डबा, उजवीकडे कुणाचा तरी अर्धा पाय. रचनेच्या नावाने सगळा आनंद. पण खाली बाईंचं अनवाणी पाऊल नवऱ्याच्या बुटावर विसावलं होतं, आणि नवऱ्याच्या हातात उलटी धरलेली चप्पल होती.

"चेहऱ्यांकडे लक्ष जावं म्हणून खालचं मीच कापलं," मामा म्हणाला. "मला लाज वाटते ताई."

मुलगी फोटोवर वाकली होती. चप्पल बघून झाली, पाऊल बघून झालं, तरी ती हलेना. मग तिने बाबांच्या ओठांवर बोट ठेवलं.

"आई, यांनी तोंडात पिन धरलीय."

मामाने भिंग लावलं. ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ होती. बाईंनीही वाकून पाहिलं. "माझ्याच पर्समधली," त्या म्हणाल्या आणि फोटोसाठीच्या स्टुलावर बसून रडायला लागल्या. "हे मी विसरूनच गेले होते." मुलीने त्यांचा हात धरला. त्यानंतर तिने भांडणाचं विचारलं नाही.

मामा भिंग हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्या दोघी गेल्यावर त्याने मला सांगितलं. 'अबोला' करताना ती रेघ त्याला दिसली होती. धूळ समजून त्याने स्वतःच्या हाताने ती शाईने भरली होती.