कौसाआक्कांचा दुष्काळी डाव

गावात लग्न झालं की चार दिवसांनी कौसाआक्का घरोघर फिरून पत्रिका मागायच्या. पत्रिका जाड कागदाची आणि मागून कोरी हवी, एवढीच अट. हळदीचं बोट लागलेला कोपरा आधी कापून कपाळाला लावायचा, तो देवळीत ठेवायचा आणि उरलेल्या कागदाचे सारखे तुकडे करायचे. मग काडीने बिब्ब्याचा काळा रस घेऊन त्यावर चित्रं काढायची: घागर, कडब्याची पेंढी, जोंधळ्याचं कणीस, शेळी, म्हैस. बिब्बा अंगाला लागला तर कातडी उतते. आक्कांच्या बोटांची टोकं कायम काळी आणि सोललेली असत. पेन्सिलीने काढा म्हटलं तर म्हणायच्या, "पुसून जातंय बाई ते. दुस्काळ कुटं पुसून जातोय?"

ईशान, मीरा, परवा फोनवर तुम्ही मला तुमचा नवा पत्त्यांचा खेळ दाखवलात. जग बुडालेलं, तळघरात डबाबंद अन्न, आणि शेवटी जो एकटा जिवंत राहील तो जिंकला. तुम्ही दोघं नियम समजावत होतात आणि मला आक्का आठवत होत्या. म्हणून हे लिहिते आहे.

तुमचे बाबा तेव्हा रांगत होते. मी शिरूर कासारच्या बाजूच्या एका लहान गावात हायस्कूलवर इंग्रजी शिकवत होते. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या दूध संस्थेच्या केंद्राला लागून होत्या. कौसाआक्का त्या संस्थेच्या सभासद. मेंढ्यांमागे चालत वाढलेल्या, लवकर विधवा झालेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या. दोन म्हशी आणि सहा शेळ्या हा त्यांचा संसार. पहाटे सगळ्यांच्या आधी केंद्रावर यायच्या आणि दुधाचा टेंपो गेल्यावर ओट्यावर पत्ते मांडायच्या. बायका पत्ते खेळतात म्हणून पुरुष हसत. आक्का त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत.

खेळ असा. चौघींनी बसायचं. एक फेरी म्हणजे एक महिना, दिवाळीपासून मृगापर्यंत. दर महिन्याला प्रत्येकीने एक घागर, एक कणीस आणि प्रत्येक जनावरामागे एक पेंढी खाली टाकायची. मधल्या गठ्ठ्याचं नाव आभाळ. त्यातून एक पान उचलायचं. विहीर आटली, शेळी व्याली, पाहुणा आला, काहीही निघे. जिच्याकडचं संपलं, ती उठली, म्हणजे गाव सोडून गेली.

पहिल्याच डावात मी फार काटकसरीने खेळले. शेजारची शांता वैशाखात उठली. माझ्या हातात चार घागरी शिल्लक होत्या. मी त्या ऐटीत मांडल्या आणि म्हटलं, "मी जिंकले."

"काय जिंकलाव?" आक्कांनी विचारलं. "गाव उटलं की. आता त्या घागरी कुनाला दावनार हायेत बाई?"

एकीला उठावं लागलं की डाव सगळ्यांचाच मोडतो, हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. "आधी सांगायचं नाही का?" मी चिडून म्हटलं.

"आधी सांगितल्यावर समदेच शाने असत्यात," आक्का म्हणाल्या आणि पानं पिसू लागल्या.

दोन वर्षांनी खरा दुष्काळ पडला. ज्वारी वीतभर वाढून वाळली. माणसांसाठी टँकर येत होता, पण जनावरांसाठी वैरण नव्हती. दूध रोज कमी होऊ लागलं. शहरातल्या डेअरीचा निरोप आला: तीन कॅन भरले तरच टेंपो गावात येईल. टेंपो थांबला असता तर संस्था बुडाली असती, आणि आक्कांसारख्या पंचवीस-तीस घरांना ऊसतोडीच्या टोळीमागे जाण्यावाचून रस्ता उरला नसता.

चेअरमन दत्तरावांनी बैठक बोलावली. मी अर्ज-ठराव लिहून देत असे, म्हणून मलाही बोलावलं होतं. मी एकेका घराचं नाव घेऊन वैरण किती आहे ते विचारत गेले. सगळ्यांचं एकच उत्तर: "न्हाई." मी नीटनेटकी यादी केली, पुढे शून्यं मांडली. ती यादी बघून दत्तराव म्हणाले, "मग जनावरं बाजारात न्या आनि केंद्राला कुलूप लावा. दुसरं काय करनार?"

आक्कांनी कमरेची पिशवी सोडली आणि पत्ते सतरंजीवर ठेवले.

"आक्का, हितं ठराव करायचाय, पत्ते कुटायचे न्हाईत!"

"दोन तासापून पत्तेच चाललेत की दत्तराव. समदे हात झाकून बसल्यात."

कुणी हसलं नाही. तिथली रीत अशी की घरातल्या कडब्याचा आकडा कुणी बोलत नाही. बोललं तर सोयरे मागायला येतात, नाही म्हणता येत नाही. म्हणून सुगीनंतर माणसं आतल्या खोलीत आढ्यापर्यंत कडबा भरतात, दार ओढून घेतात आणि विचारणाऱ्याला रिकामे हात दाखवतात. प्रत्येकाला दुसऱ्याची खोली ठाऊक असते. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि माझीच यादी सगळ्यांच्या म्हशी विकायला निघाली होती.

"माज्या घरात तीनशे पेंड्या हायेत," आक्का म्हणाल्या. "बाईंना मी आत्ताच न्हाई म्हनलं. खोटं बोलले. लिवा बाई, तीनशे."

"आन् झोपता कुटं हो आक्का?" मागून कुणीतरी विचारलं.

"वसरीवर. तुला काय वाटलं, चांदन्या मोजायची हौस हाय?"

आता मात्र हशा पिकला. शांता उभी राहिली. नवऱ्याने पदर ओढला, "खाली बस बे!" ती बसली नाही. "आमच्यात दीडशे हायेत," ती म्हणाली आणि मग नवऱ्याकडे वळून, "बे कुनाला म्हनलाव? मी काय तुमची दोस्त हाय व्हय?" त्यानंतर एकेक खोली उघडत गेली. मी शून्यं खोडत होते. शेवटी राहिले दत्तराव. सगळे त्यांच्याकडे बघत बसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि शेडातली कडब्याची गंजी सांगितली. ती सगळ्यांत मोठी होती.

भाकड जनावरं गोदाकाठच्या सोयऱ्यांकडे पाठवायची, दुभती आणि गाभण गावात ठेवायची, कडबा एकत्र करायचा आणि वाटप आक्कांनी करायचं, असा ठराव मी लिहिला. सोमवारी वाटप असे. आक्का प्रत्येक जनावराच्या बरगड्यांवरून हात फिरवत आणि त्याला लागतील तेवढ्याच पेंढ्या देत. दत्तरावांच्या गड्याने जास्त मागितल्या, तर म्हणाल्या, "तुज्या मालकाला खायच्यात का? मग म्हशीला हितं आन, तिला इचारते."

वैशाखात तिसरा कॅन काठापर्यंत येईना. एकाने हळूच पाण्याचा तांब्या पुढे केला. आक्कांनी तो हातातून घेतला, स्वतः पिऊन टाकला आणि रिकामा परत दिला. त्या दिवशी घराघरांतून पोरांच्या वाट्याचं दूध आलं आणि कॅन भरला.

त्याच महिन्यात आक्कांची मोठी म्हैस पोटात रेडकू अडून मेली. मी भेटायला गेले तेव्हा त्या रिकाम्या दावणीशी बसल्या होत्या. शेजारची म्हातारी समजूत घालत म्हणाली, "कौसे, तुज्या पेंड्या तर माघारी घे. तुजी म्हस गेली आता." आक्का पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पेंड्या माज्या कुटल्या? ज्या म्हशी जित्या हायेत त्यांच्या." दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्या वाटपाला वेळेवर आल्या.

मृग लांबला. पण टेंपो एकही दिवस चुकला नाही, आणि त्या वर्षी आमच्या संस्थेतलं एकही घर उठलं नाही.

पुढे आम्ही अंबाजोगाईला बदलून आलो. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी शांताचा फोन आला, आक्का गेल्या म्हणून. मी मिळेल ती एसटी धरून पोचले तेव्हा दुपार होत आली होती. मला वाटलं होतं, उशीर झाला. पण अंत्ययात्रा नुकतीच निघत होती. शांताने उशिराचं कारण सांगितलं: तरुण पोरांनी केंद्र बंद ठेवू म्हटलं होतं, बायकांनी ते ऐकलं नव्हतं. पहाटे धारा काढल्या, रडत रडत रांगेत उभ्या राहिल्या, दूध मोजून घातलं. कॅन टेंपोत चढवले. टेंपो वळणापलीकडे गेल्यावर सगळ्याजणी हात धुऊन आक्कांच्या दारी आल्या.