आवडत्या ब्लॉगमधली एक दुरुस्ती

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय — ओळखत असतात तर तुम्हालाही थाप मारली असती.

वाघोलीहून हिंजवडीला कंपनीच्या बसने दोन तास लागतात. माणसाने करावं काय? मी ब्लॉग वाचायचो. पण चांगला ब्लॉग निवडणं म्हणजे मंडईत वांगी निवडणं — वरून सगळी तुकतुकीत. कुणी शेअर बाजार शिकवतंय, कुणी थालीपिठाचे फोटो टाकून गहिवरतंय. शेवटी एक सापडला. लिहिणारी बाई नाव सांगत नव्हती. नवरा मारायचा म्हणून घर सोडलेलं. कोथरूडला एकटी राहते, असं लिहायची. स्वतःच्या नावावर गॅस घेतला, दाराला आतून दुसरी कडी बसवली, हवी तेवढी तिखट आमटी केली — बस्स, एवढंच. पण काय लिहायची हो! मी बायकोलाही वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "जपून राहा म्हणावं तिला."

मग एकदा तिने लिहिलं, की दुपारी खाणीत सुरुंग उडाला की भांड्यांवर धूळ बसते.

आता — कोथरूडात दगडखाण? खाणी आमच्या वाघोलीत. तुम्हीच सांगा, चूक दिसल्यावर गप्प बसवतं का? मला नाही बसवत. रिक्षावाल्याला रस्ता आणि भटजींना मंत्र सांगणारा माणूस मी. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या वाचकांच्या ऑनलाइन ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तुमचा आवडता ब्लॉग कोणता? मी ऐटीत स्वतंत्र पोस्ट टाकली. लिंक दिली, तारीफ केली आणि खाली लिहिलं — 'फक्त एक दुरुस्ती. लेखिका कोथरूड म्हणतात, पण हे वर्णन वाघोलीचं आहे. लिहिताना खातरजमा करावी.'

लोक वाहवा करायला लागले. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

खाली एकाने विचारलं, "अहो, आपण फारच जाणकार दिसता. वाघोलीत नेमकं कुठे असेल हे?" नाव धड नव्हतं, फोटो गुलाबाचा. आणि मी — मी डोकं चालवलं. समोर मुलींचं वसतिगृह, सकाळी पाण्याचा टँकर, गच्चीवर निळी टाकी. सगळं तिनेच अधूनमधून लिहिलेलं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी बिल्डिंगचं नाव लिहिलं.

उत्तर लगेच आलं. "आभारी आहे. बाई कामाला कधी निघतात?"

हा विचारणारा कोण असेल, ते तेव्हाच कळलं होतं मला — नंतर नाही, तेव्हाच. त्याला उत्तर दिलं नाही. पण पोस्टही ठेवली. का? अजून लोक वाहवा करत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला — 'दादा, ते काढा हो. कोथरूड मी मुद्दाम लिहिलं होतं.' मी तो बसमध्ये वाचला आणि न वाचल्यासारखा ठेवून दिला. मला राग आला होता, ऐकताय ना? एवढी तारीफ केली, त्याबद्दल बाईने एक शब्द काढला नाही, याचा राग!

दोन दिवसांनी सकाळी ब्लॉगवर दोनच ओळी आल्या. 'खाली कुणीतरी माझं खरं नाव घेऊन विचारतंय, असं वॉचमन सांगतोय. मी दार उघडणार नाही.'

त्यानंतर तिने काहीही लिहिलेलं नाही. महिनाभराने बायकोने विचारलं, "ती लिहीत का नाही हो आता?" मी म्हणालो, कंटाळली असेल. तिचं काय झालं, मला माहीत नाही. ती बिल्डिंग तिथेच आहे आणि मी कधी चौकशी केलेली नाही.

पण कबुली याची नाही. त्या दोन ओळी वाचल्या तेव्हा बस आमच्या थांब्यावरून नुकतीच सुटली होती. उतरता आलं असतं. पोलिसांना फोन करता आला असता, बायकोला पाठवता आलं असतं. मी काय केलं? आधी माझी पोस्ट पुसली. पोस्टबरोबर खालचं सगळं गेलं — त्या माणसाच्या खात्याचं नाव, त्याचे प्रश्न, तो कोण होता हे दाखवणारं जे काही होतं ते सगळं. ते जाणार, हे मला ठाऊक होतं. मग फोन खिशात ठेवला आणि ऑफिसला गेलो.