पुण्याचं पत्र आणि सात दिवसांचा इस्तिखारा

आधीच कबूल करते, त्या सात दिवसांत मी अल्लाहला काही विचारतच नव्हते. माझं सगळं ठरलेलं होतं, वरून फक्त होकार हवा होता. हे लिहिताना आज लाज वाटते. पण ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर अल्लाहचे आभार, शुक्र, मानत राहणार आहे, तिची सुरुवात माझ्या या लबाडीतूनच झाली, म्हणून ती झाकून पुढचं सांगता येणार नाही.

माझी मुलगी सुमैया २०१३ साली बारावी झाली. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला, आणि मी पनवेलच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. पोरीला इलेक्ट्रॉनिक्सच शिकायचं होतं. घरातला एक रिमोट तिने धड ठेवला नव्हता, सगळे उघडून पाहिलेले. जुलैत एकाच आठवड्यात तिच्यासमोर दोन दारं उघडली. आधी सरकारी प्रवेशाच्या यादीत अमरावतीच्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला. तिथली फी माझ्या पगारातून भागण्यासारखी होती. आणि तिसऱ्या दिवशी कुरिअरने पुण्याच्या एका खासगी कॉलेजचं पत्र आलं. जाड गुळगुळीत कागद, वर सोनेरी मोहर, आणि मजकूर काय, तर तुमच्या मुलीची गुणवत्ता पाहून आम्ही अर्धी फी माफ करत आहोत! अर्धी! ते पत्र वाचता वाचता माझं गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला पत्ता नाही.

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत पेढे पोचले होते. मी ते पत्र पर्समध्ये घालून शाळेत नेलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. पुणे म्हणजे कळंबोलीला बसमध्ये बसलं की दोन-अडीच तासांत पोर डोळ्यांसमोर. अमरावती म्हणजे रात्रभर रेल्वे, ना ओळख ना पाळख. उरलेली अर्धी फीसुद्धा आमच्या आवाक्याबाहेरची होती, त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यावं लागणार होतं. आणि व्याज आमच्या धर्मात हराम, आमच्या घरात आजवर ते शिरलेलं नाही. देणं नाही, घेणं नाही. सुमैयाच्या अब्बांनी फोनवर एवढंच म्हटलं, "मला पटत नाही. पण तू तिथं आहेस, तू इस्तिखारा करून बघ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन वाटा समोर असल्या आणि मन ठरवू शकत नसलं, की आम्ही दोन रकात नफील, म्हणजे सक्तीची नसलेली, नमाज पढतो आणि एक दुआ मागतो. निवड त्याच्यावर सोपवायची. लोक सात दिवस करतात आणि उत्तर स्वप्नात येतं असं मानतात, पांढरं-हिरवं दिसलं तर होकार, काळं-लाल दिसलं तर नकार. मीही बसले. पण मुसल्यावर, नमाजाच्या चटईवर, बसून डोक्यात काय, तर पुण्याला न्यायच्या गाद्या आणि बादल्या! पाचव्या दिवशी मला स्वप्नात पांढरीशुभ्र इमारत दिसली. मी उठले तीच नाचत. आमच्याच इमारतीत खाली माझी खाला राहते, आईची धाकटी बहीण, तिला जाऊन सांगितलं.

खाला मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "अगो, दिवसभर त्या कॉलेजचा फोटो बघत बसतेस, मग स्वप्नात काय माझं घर दिसेल?"

मी रागावून वर आले. खालाला शिकलेल्या माणसांच्या गोष्टी कळत नाहीत, असं मनाशी म्हणाले. अल्लाह माफ करो.

सातव्या दिवशी दोन्हीकडची मुदत एकदमच संपत होती. अमरावतीची जागा धरायची तर संध्याकाळी पाचच्या आत कळंबोलीपलीकडच्या एका कॉलेजातल्या केंद्रावर मूळ कागदपत्रं आणि ड्राफ्ट घेऊन हजर व्हायचं होतं. मी तो विचारच सोडला होता. सुमैयाची फाइल घेऊन दुपारी एक वाजता आम्ही दोघी बँकेत गेलो, जागा धरण्यापुरत्या पहिल्या हप्त्याचा पुण्याच्या नावाचा ड्राफ्ट काढायला आणि तसंच बसने पुढे जायला. खिडकीवर पोचतो तर संगणक बंद. लाइन गेली आहे, बसा म्हणाले. अर्धा तास झाला, तास झाला. मी अशी बाई की रिक्षा दोन मिनिटं थांबली तर खाली उतरून चालू लागते. बाकावर बसून माझी नुसती चुळबुळ चालली होती, आणि वेळ जायचा म्हणून मी शेजारच्या माणसाला ते पत्र दाखवलं. खरं सांगायचं तर मिरवलं.

पन्नाशीचा गृहस्थ होता. जासईकडच्या कंटेनर यार्डात कामाला असावा, गळ्यात यार्डाचा पास लटकत होता. त्याने पत्र हातात घेतलं आणि मोहर बघितली. मग म्हणाला, "ताई, राग नका मानू. ह्याच कॉलेजचं आसंच पत्र आमी फ्रेम करून भिंतीला लावलंय. पयल्या वर्षी अर्धी फी माफ झाली. दुसऱ्या वर्षी पोरीला टायफॉइड झाला, मार्क पडलं कमी, नि माफी गेली. आता पुरी फी भरायची हाय. कर्ज वाढवायला आलोय. तुमी कागद उलटा करून बगा, मागं लिवलेलं हाय."

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, याची पोर आजारी पडली म्हणून माझीही पडणार आहे का? शुभ बोल नाऱ्या! पण हाताने कागद उलटला. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत पाच-सहा ओळी होत्या. फीमाफी पहिल्या वर्षापुरती, पुढे दरवर्षी वर्गातल्या पहिल्या मोजक्या मुलांत नंबर आला तरच चालू राहील. वर्गात मी दर परीक्षेला मुलांना ओरडून सांगते, बाळांनो, प्रश्नपत्रिका उलटून बघा, मागेही प्रश्न असतात. आणि मी स्वतः सात दिवस तो कागद छातीशी धरून फिरत होते!

मी सुमैयाकडे बघितलं. वाटलं, पोर आता रडणार. तर ती म्हणाली, "अम्मी, मला पहिल्यापासून अमरावतीलाच जायचं होतं. तिथली लॅब चांगली आहे. आणि कर्जाचं नाव निघालं की अब्बा फोनवर गप्प होतात, ते मला ऐकवत नाही."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू किती खूश होतीस."

या चार शब्दांनी मला जे झालं ते लिहिता येत नाही. सात दिवस मी आकाशाकडे उत्तर मागत होते आणि ज्या लेकरासाठी मागत होते, तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिथेच बाकावर मला दुआचा अर्थ आठवला. लहानपणापासून पाठ असलेले शब्द, मी नुसते घोकत आले होते. त्यात आपण म्हणतो, हे काम माझ्या भल्याचं नसेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्याच्यापासून दूर कर, भलं जिथे असेल ते माझ्या नशिबी लिही, आणि मग मला त्यात राजी ठेव. म्हणजे अडवलं जाणं हेही मी स्वतःच मागितलं होतं. बंद पडलेल्या संगणकावर मी उगाच तासभर दात-ओठ खात बसले होते.

मी पुण्याच्या ड्राफ्टचा फॉर्म फाडला आणि अमरावतीचा भरायला घेतला. शेवटची सही केली आणि खिडकीतून आवाज आला, "चला, लाइन आली!" मी कसला दावा करत नाही, जे घडलं ते लिहिते. तीन वाजून गेले होते. रांगेत पहिला नंबर त्या गृहस्थाचा होता. केंद्राच्या मुदतीचं आमचं बोलणं त्याने ऐकलं होतं, तो बाजूला झाला आणि म्हणाला, "जावा ताई, पाचला बंद करतात. माजं कर्ज कुटं पळून जात नाय."

त्यानंतरची धावाधाव! ड्राफ्ट फाइलमध्ये, फाइल सुमैयाच्या पोटाशी, आणि आम्ही रिक्षात. कळंबोलीला लोखंड भरलेल्या ट्रकांची ही रांग. मी पैगंबरांवरचा दरूद पढतेय, सुमैया घड्याळ बघतेय, आणि रिक्षावाला आम्हा दोघींपेक्षा जास्त पेटलेला, "मॅडम, पोचवतो म्हणजे पोचवतो!" पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही केंद्रात शिरलो. क्लार्कने कागद तपासले, शिक्का मारला आणि पावती हातात दिली. आम्ही मायलेकी त्या व्हरांड्यात लहान मुलींसारख्या उड्या मारत होतो. कुवेतला फोन लावला. हे "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले आणि चक्क हुंदका आला त्यांना. मी म्हटलं, अहो, रडता काय, आयएसडीचा मीटर पडतोय!

सुमैया अमरावतीला गेली. दुसऱ्या वर्षी गणितात ती अडकली, नापास झाली. फोनवर रडत होती. मी म्हटलं, रड पाहिजे तेवढी, पण फीची काळजी करू नकोस, पुन्हा पेपर दे. तिने दिला, पास झाली, आणि आज तिच्या आवडीचंच काम करते. पण तो फोन ठेवला तशी मी मुसला अंथरून बसले. पुण्याला असती तर त्या दिवशी काय झालं असतं, ते मला एका माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या माणसाला शोधायला मी नंतर तीनदा त्या बँकेत गेले. तो दिसला नाही. नाव मी विचारलंच नव्हतं. पुष्कळदा मनात येतं, आपल्या पोरीचं अपयश भर बँकेत एका अनोळखी बाईला सांगणं किती जड गेलं असेल त्याला. आणि मी त्याच्यावर चिडले होते! आता इस्तिखारा करते तेव्हा मी स्वप्नाची वाट बघत नाही. हात उचलते, जे दिसेल आणि जे अडेल त्यात राजी राहायचा प्रयत्न करते. दरवेळी जमतंच असं नाही. पण रोज फज्रनंतर, पहाटेच्या नमाजानंतर, सुमैयासाठी दुआ मागताना मी आणखी एका मुलीसाठी मागते, जिची माफी गेली आणि जिच्या बापाने माझी मुलगी वाचवली. तिचं नाव मला माहीत नाही. ज्याच्याकडे मागते, त्याला माहीत आहे.