पाळीचे सत्तावीस खडे

नेकबख्तबीबीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बरतंग नदीच्या त्या डोंगरी खोऱ्यात पाणचक्कीवर कुणाची पाळी कधी, हे विचारायला शिकलेली माणसंही तिच्याकडेच यायची. सोळाव्या वर्षी ती सून होऊन आली. विसाव्या वर्षी नवरा लढाईवर गेला तो परतलाच नाही, आणि सासरची चक्की तिच्या गळ्यात पडली. पाटाचं पाणी सोडणं, जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावणं, सगळं ती शिकली. बाईमाणसाच्या हातची टाकी म्हणून नाकं मुरडणारे दोन वर्षांत गप्प झाले, कारण पीठ बारीक येत होतं.

पाळीचा क्रम फळीवर असायचा. दर घराचा एक खडा, तीन पिढ्या एकाच रांगेत. जी घरं बर्फाच्या कड्याखाली गाडली गेली, जी सरकारी हुकमानं दूर कापसाच्या मुलखात हलवली गेली, त्यांचेही खडे तिथेच. अशा घराची पाळी आली की रांगेत त्याच्यामागून येणाऱ्या घरानं आपलं एक पोतं त्यांच्या नावानं दळायचं आणि ते पीठ गावात वाटून टाकायचं. गेलेल्यांची पाळी इतक्या निष्ठेनं राखणारी माणसं जगात कितीशी असतील?

एका शरदात शहरातल्या संग्रहालयाची सबोहत नावाची मुलगी जुन्या चक्क्यांच्या वस्तूंची नोंद करायला येणार होती. पाहुणी येणार म्हटल्यावर नवीन नातसून नोझनीनच्या अंगात उत्साह संचारला. तिच्या माहेरी विजेची चक्की. तिला बिचारीला काय ठाऊक? तिनं फळी पुसली, सगळे खडे साबणानं लख्ख धुतले आणि ताटात रचून ठेवले.

"बीबी, बघा तरी, कसे चमकतायत!"

बीबीनं ताट ओढून घेतलं. "अगं भवाने, गावाचा हिवाळा धुऊन काढलास की!"

पंधरा दिवसांत पाट गोठणार होता आणि निम्म्या घरांचं दळण बाकी होतं. क्रम हरवला तर डोकी फुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. गाव जमलं. पाळीवरून दरसाल भांडणारा दौलतमद सगळ्यांत पुढे.

"आता काय, ज्याचा आवाज मोठा त्याचं दळण आधी?"

"मग तुझंच की रे," मागून कुणीतरी म्हणालं.

बीबीनं डोळे मिटले आणि एक खडा तळहातावर घेतला. "हा चोरशंबेचा. त्याच्या बापासारखाच एका अंगाला कललेला." दुसरा घेतला. "हा यदगोरचा. ते सगळे कड्याखाली गेले. धाकटी पोर गात गात धान्य आणायची." खडा फळीवर आपल्या क्रमानं, पुढचा हातात. मध्येच येऊन पोचलेली सबोहत दारातच उभी राहिली. नावं लिहायला तिनं कागद काढला होता, पण किती वेळ ती नुसती बघतच राहिली.

सव्वीस खडे जागेवर लागले. सत्ताविसावा तळहातावर तसाच राहिला. बीबीनं तो उलटा केला, सुलटा केला, गालाला लावला.

"सासूनं सांगितलं होतं गं नाव. मी विसरले." आणि नवरा लढाईत गेल्याचा कागद आला तेव्हाही सगळ्यांदेखत न रडलेली ती बाई हमसून रडायला लागली.

म्हाताऱ्यांनी खडा हातोहात फिरवून पाहिला. कुणालाच नाव आठवेना, जागाही आठवेना.

"माझ्या आधी ठेव, बीबी," दौलतमद म्हणाला.

"अरे, दरसाल तुझं एक पोतं जाईल."

"जाऊ दे. नाव विसरलं म्हणून काय उपाशी ठेवायचं त्यांना?"

इतकं बोलून तो बाहेर गेला आणि आपल्या गाढवावरचं पोतं उतरवायला लागला. नोझनीन धावत मदतीला गेली. बीबीनं डोळे पुसले, पाट मोकळा केला, आणि जातं घरघरू लागलं.

सबोहत ते खडे शहरात न्यायला पेटी घेऊन आली होती. पेटी रिकामीच परत गेली. संग्रहालयात लागला तो फक्त सबोहतच्या हातचा कागद, फळीच्या क्रमानं लिहिलेल्या सत्तावीस ओळींचा. त्यातली एकोणिसावी ओळ अशी आहे: घर कुणाचं, माहीत नाही. पाळी दौलतमदच्या आधी.