खिळ्यावरचा तुकडा

वेल्डिंगचं मशीन वजनावर ओळखायचं, हे मला ज्यानं शिकवलं त्यानंच मला वजनानं फसवलं. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. बायको म्हणते, "सोडा न आता." मी सोडत नाही.

कामठी रोडला ट्रकच्या बॉडी बांधायचा एक कारखाना होता. नवा ट्रक यायचा तो नुसता सांगाडा आणि इंजिन. केबिन, बाजूचे पत्रे, मागचा उघडझाप होणारा फाळका, टपावर चढायची शिडी, हे सगळं आम्ही बांधायचो. तिथला हेड वेल्डर म्हणजे आमचा उस्ताद. मी बाविसाव्या वर्षी त्याच्या हाताखाली लागलो. त्याची एक रीत होती. शिकणाऱ्याचा पहिला पक्का जोड तो घणानं ठोकून बघायचा. तुटला नाही, तर त्या तुकड्याला भोक पाडून शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. ओळखीसाठी त्यावर पंचानं टिंबं ठोकायचा. मी त्याचा तिसरा शिष्य, म्हणून माझ्या तुकड्यावर तीन टिंबं. लोखंडाचे दोन अँगल काटकोनात जोडलेले, वेल्ड जरा वाकडी पण खोल गेलेली. आठ वर्षं तो तिथे लटकत होता. कारखान्यात कोणी पाहुणा आला की मी उगाच त्या भिंतीपाशी घोटाळायचो.

माझे बाबा गिरणीत खपले. दुसऱ्याच्या शेडमध्ये म्हातारं व्हायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा संत्र्याची वाहतूक करणारा एक ट्रकमालक मला म्हणाला, "एका गाडीचा फाळका आणि शिडी घरी करून दे. टिकला तर माझ्या साऱ्या गाड्या तुझ्याकडे." एवढ्या एका फाळक्याच्या भरवशावर मी नोकरी सोडली. घरामागचं अंगण रिकामं होतं, पत्र्याची सावली झाली होती, राहिलं होतं ते मशीन.

इतवारीतल्या एका दुकानात छोटं नवं मशीन होतं. दुकानदारानं मात्र स्वतःच सांगितलं, "ग्रिल करा, खिडक्या करा. ट्रकचं काम याले नाही झेपत." मी उस्तादाला विचारलं. तो म्हणाला, "माह्या साळ्याच्या गोदामात एक पडून राहिली आहे. जुनी, तेलातली. तांब्याची वाइंडिंग. तुह्यासाठीच थांबली समज."

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी मी भिंतीकडे पाहिलं, तर माझा खिळा रिकामा.

"उस्ताद, माहा तुकडा कुठं गेला?"

"घरी नेला गा," तो म्हणाला. "तू तर चालला. तो तरी राहू दे माह्याजवळ."

मला भरून आलं. घरी येऊन मी आईला आणि बायकोला ते दोनदा सांगितलं. असा गुरू कोणाला मिळतो, असंही म्हणालो. किती मूर्ख होतो मी!

त्याच रविवारी बायकोला घेऊन मी गोदामात गेलो. मशीनच्या आत तांब्याची तार असेल तर ते दिवसभर चालतं. ॲल्युमिनियमची असेल तर लवकर तापतं आणि बसतं. पण तार तेलाच्या टाकीत बुडालेली, बाहेरून दिसायची सोय नाही. म्हणून जुन्या लोकांची परीक्षा अशी, की वरच्या कड्यातून सब्बल, म्हणजे पहार, घालायची आणि दोघांनी मशीन उचलून बघायचं. तांबं जड, ॲल्युमिनियम हलकं. एका बाजूला उस्ताद, एका बाजूला मी. उचललं तर माझ्या कमरेत कळ आली. मला केवढा आनंद झाला.

बायको म्हणाली, "झाकण उघडून काहून नाही पाहात? गहू घ्यायचा असला तरी पोत्याच्या बुडापर्यंत हात घालावा लागते."

उस्तादाचा चेहरा पडला. "वहिनीले भरोसा नाही दिसत माह्यावर."

मी शरमलो, आणि बायकोवरच डाफरलो. "तुले काय समजते वं याच्यातलं?" पैसे मोजले आणि आम्ही मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं. आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, मग मी पहिला रॉड पेटवला. मोहल्ल्यातले दिवे मिणमिणले. शेजारी बाहेर येऊन बघायला लागले, पण कोणी कुरकुर केली नाही.

पहिला रॉड ठीक गेला. दुसराही. तिसऱ्याला टाकी हात लावता येणार नाही इतकी तापली, रॉड लोखंडाला चिकटायला लागला, जोड वरवरचे बसू लागले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी उस्तादाला बोलावून आणलं. त्यानं टाकीवर हात ठेवला, माझे जोड पाहिले, आणि सावकाश म्हणाला, "मशीन बरोबर आहे गा. तुहाच हात बसला नाही अजून. तिथं मी पाठीशी होतो म्हणून जमत होतं."

मी ते खरं मानलं. महिनाभर सकाळ-संध्याकाळ भंगारावर हात बसवत राहिलो. आठ वर्षं जे डोळे मिटून करायचो ते मला येत नाही, असं मला वाटायला लागलं. मशीनचं एक वेळ मी पोटात घातलं असतं, पण हा महिना मी त्याला कधीच माफ करणार नाही.

शेवटी फाळका करून दिला. संत्र्याच्या पेट्या भरताना त्याच्या बिजागऱ्या उखडल्या आणि पेट्या रस्त्यावर आल्या. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. ट्रकमालक ओरडलाही नाही. "राहू दे भाऊ," म्हणाला, आणि त्याच्या गाड्या दुसरीकडे गेल्या.

आठवड्याभरात मशीनमधून धूर निघाला. मी आणि बायकोनं मिळून तेल काढलं, झाकण उघडलं. तार ॲल्युमिनियमची होती. खाली टाकीच्या बुडाशी तारेनं बांधलेलं भंगार लोखंड खच्चून भरलं होतं. तेलाची जागा त्यानं खाल्ली होती, म्हणून तर मशीन आणखीच तापत होतं. बायकोनं एकेक तुकडा काढून चिंधीनं पुसला. एक पुसताना ती थांबली आणि तो माझ्या हातात दिला.

काटकोनातले दोन अँगल, एक भोक, तीन टिंबं.

मी अंगणातल्या दगडावर तो ठेवला आणि घण घेतला. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ठोकला, एकदा नाही, दहादा. अँगल वाकला, पण जोड सुटला नाही. माझ्या हाताला कधीच काही झालं नव्हतं.

तसाच तो तुकडा घेऊन मी कारखान्यात गेलो. उस्ताद काच डोळ्यांवर धरून वेल्डिंग करत होता. मी तुकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं काच खाली केली, तुकड्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे. मशीनबद्दल मी विचारलंच नाही. मी एवढंच विचारलं, "एवढं भंगार पडलं होतं उस्ताद, माहाच काहून टाकला?"

त्यानं पुन्हा काच उचलली.

"वजन थोडं कमी पडत होतं गा," तो म्हणाला. "हाच हाताशी होता."