सदुसष्ट मार्कांचं ऑफिस

फाइल दिल्लीला गेली की आमच्याकडे दोनच गोष्टी उरायच्या. तिची झेरॉक्स आणि तिच्यामागचा किस्सा. झेरॉक्स पुढे रद्दीत गेल्या. किस्से कोण नेणार? ते साठतच गेले.

भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कमध्ये एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. साल दोन हजार चार-पाच असेल. कॅनडात कायमचं राहायला मिळावं, म्हणजे पीआर मिळावा, म्हणून लोक यायचे. शिक्षण, इंग्रजी, अनुभव, वय असं सगळं धरून शंभरपैकी सदुसष्ट मार्क झाले की दिल्लीतल्या कॅनडाच्या वकिलातीत अर्ज करता यायचा. हे मार्क काढायचे ऑफिसचे मालक, मेंडोन्सा सर. मी खारी गावातून रिक्षाने यायचे आणि दिवसभर फॉर्म भरायचे. माणसं त्या फॉर्ममध्ये काय काय लिहितात, ते मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

*

काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये अन्वर नावाचा मेकॅनिक होता. पंधरा वर्षं एकाच उस्तादाकडे. आमच्याकडे यायचा तेव्हा हात इतके घासून यायचा की बोटं लाल झालेली असायची. त्याला मालकाचं पत्र हवं होतं, कामात काय काय येतं ते सविस्तर लिहिलेलं.

उस्तादाने आयुष्यात कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. त्याने इंग्लिश मीडियममधल्या मुलीला बसवलं आणि तिच्याकडून मनापासून एक पान लिहून घेतलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग, सगळं व्यवस्थित होतं. शेवटची ओळ अशी होती : "अन्वर कोणतीही गाडी चावीशिवाय उघडू शकतो, आणि गाडीवर साधा ओरखडाही उठत नाही."

सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "अन्वरभाई, ये लेटर लेके एम्बसी नहीं, सीधा चौकी जाना पड़ेगा."

पत्र पुन्हा लिहून घेतलं. अन्वर गेला, तिकडे त्याला कामही चांगलं लागलं. पण जुनं पत्र त्याने आमच्याकडून मागून नेलं होतं. म्हणाला, उस्तादने पहिल्यांदाच तारीफ केलीय.

*

पोलादपूरकडचे मोरे म्हणून एक फिटर होते. त्यांच्या फाइलवर दिल्लीहून पत्र आलं. अर्जदार, त्याची बायको, दोन भाऊ आणि एक बहीण, अशा पाचही जणांची जन्मतारीख एक जून कशी, याचा खुलासा करा.

सर भाईंदरच्या ख्रिस्ती घरातले. त्यांच्याकडे जन्माची नोंद चर्चच्या वहीत, तारखेसकट. ते मोऱ्यांवर चिडले. थोडं तरी बदलून लिहायचं, एवढं उघड खोटं कोण लिहितं, असं म्हणत होते. मोरे खाली मान घालून बसले होते. गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांची तीच तारीख लिहिली, एवढंच ते सांगत होते.

सर माझ्याकडे वळले. "तूच सांग. तुझा वाढदिवस कधी?"

"एक जून, सर."

सरांनी कोरे कागद पुढे ओढले. मग त्यांनी स्वतः बसून दोन पानी खुलासा लिहिला आणि पुरावा म्हणून माझा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. मोऱ्यांना व्हिसा मिळाला.

*

हा छोटासाच. फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा : याआधी कधी नकार मिळाला आहे का? असल्यास कुठून आणि का? तो अर्थातच व्हिसाबद्दल असायचा.

एका सरळमार्गी मुलाने घरून फॉर्म भरून आणला. त्या जागी लिहिलं होतं : "होय. डोंबिवली, पेण आणि विरार. कारण : मुलगा परदेशी जायचं म्हणतो."

*

साळवी नवरा-बायको आले तेव्हा बोलत होते फक्त साळवी. बारावी, वर एक डिप्लोमा, मोठ्या कंपनीत सुपरवायझर. सरांनी मार्क काढले. बायकोच्या शिक्षणाचे धरूनही त्रेसष्ट झाले. साळवींचा चेहरा उतरला.

सरांनी सहज विचारलं, मॅडम काय करतात? साळवी म्हणाले, ती आपली शाळेत शिकवते, तिचं काय धरायचं. मॅडमनी पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवले. एमएस्सी, बीएड, नऊ वर्षं अनुभव. सरांनी अर्जदाराच्या जागी त्यांचं नाव घालून पुन्हा मार्क काढले. बहात्तर.

मी नवा फॉर्म लावला. साळवी बराच वेळ वाकून स्क्रीनकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी आता डिपेंडंट?"

"होईल सवय," मॅडम म्हणाल्या. "मलाही वेळ लागला होता."

*

उत्तनची फिलूमावशी, वय सदुसष्टच्या पुढे, नवरा नाही. मुलगा नेल्सन टोरंटोला. त्याने आईला स्पॉन्सर केलं होतं, म्हणजे तिकडे कायमचं बोलावून घ्यायची जबाबदारी घेतली होती. फॉर्ममध्ये अठराव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते लिहायचे असतात. लोकांना पानं पुरत नाहीत. मावशीची एकच ओळ झाली. दिल्लीने फॉर्म परत पाठवला, पत्त्यांची माहिती अपुरी आहे म्हणून. मावशी म्हणाली, "त्यांना लिव, म्हातारी हललीच न्हाय."

काही वर्षांनी एकदाचा व्हिसा आला. नेल्सन न्यायला आला, मावशी गेली. आम्हाला वाटलं, आता ती काही परत दिसत नाही.

चौथ्या महिन्यात ती ऑफिसच्या दारात उभी. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, पर्समध्ये पीआर कार्ड. तिकडे सगळं बरं होतं, सून चांगली, घर गरम. पण परत आले, म्हणाली.

सरांनी तिला खुर्ची दिली आणि नीट समजावलं. कार्ड टिकवायचं तर दर पाच वर्षांत दोन वर्षं तिकडे राहावं लागतं, नाहीतर हक्क जाऊ शकतो. मावशीने परत परत विचारून खात्री करून घेतली. पाचात दोन. सलग नसली तरी चालतात. दिवस मोजले जातात.

"कायदा बरा हाय," ती म्हणाली. "नेल्सन नव वरसांत तीनदा आला. सगले मिलून पन्नास दिवस न्हाय." मग माझ्याकडे वळली. "बाय, कॉम्प्युटर चालू कर. त्याचा फॉर्म भर. उत्तनच्या पीआरचा."

मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अर्जदार नेल्सन घाल," ते म्हणाले. "आणि स्पॉन्सरच्या जागी मावशींचं नाव."