तारेवरचं लुगडं

आमच्या गल्लीत रेडिओ एकच, पेन्शनीत आलेल्या सुभेदारांचा. त्याची एरियल, म्हणजे आवाज पकडणारी तांब्याची तार, त्यांच्या छपरावरून आमच्या परसातल्या लिंबापर्यंत ताणलेली. माझा दादा महायुद्धात पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला आणि त्याची पत्रं थांबली. तेव्हा दर रविवारी भर दुपारी कैद झालेल्या शिपायांची नावं रेडिओच्या शॉर्टवेव्हवर वाचत. आई उपाशीपोटी तिथं जाऊन बसायची. नाव आलं तर लेक जिवंत, एवढंच तिला कळत होतं.

त्या रविवारी आमची वाळत घालायची दोरी वासराच्या गळ्यात गेली होती. मी महाआळशी! आईचं ओलं लुगडं सरळ एरियलवर टाकलं आणि तिच्या मागोमाग सुभेदारांच्या ओसरीवर पोचले. दादाच्या पलटणीची नावं सुरू झाली, तोच सूंऽऽ आवाज चढला आणि मग सगळंच बुडालं. बाहेर ऊन होतं तसंच लख्ख, ढग औषधालाही नाही. सुभेदार बटणं पिळत राहिले. मग त्यांची नजर बाहेर गेली.

"आवं वैनी, तारंवर लुगडं कुणी टाकलंय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तूच व्हय गं? माझ्या लेकाचं नाव गिळलंस!"

मी धावत जाऊन लुगडं ओढलं, तारेला हात जोडले, नवस बोलले. रेडिओ मुकाच. अर्ध्या तासानं तो बोलू लागला तेव्हा नावं संपली होती. ती परत वाचली नाहीत. दादा आला नाही, सरकारी कागदही आला नाही. आईनं मरेपर्यंत मला धुणं वाळत घालू दिलं नाही.

ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी हे मी माझ्या लेकीला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, सूर्यावर भडका उडाला असणार. डोळ्यांना दिसणारा उजेड त्यानं जेमतेम बदलतो. पण त्याच भडक्यातून अगदी आखूड लहरींचे क्ष-किरण निघतात, उजेडाबरोबरच इथं पोचतात आणि वरच्या हवेत असा थर करतात की शॉर्टवेव्ह त्यातच जिरते. लांब लहरीही निघतात, रेडिओच्या जातीच्या. तो सूंऽऽ आवाज त्यांचा. आणि हे घडतं ते दिवसाउजेडीच.

मी ढसाढसा रडले. लुगडं काढल्यावरही रेडिओ अर्धा तास मुका होता, हे आम्ही तिघांनी पाहिलं होतं. तेव्हा मी आईला एवढंच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण दादाचं नाव मीच गिळलं, हे मलाही खरं वाटलं होतं.